शिकत शिकत शिकविणे

गेल्या महिन्यात आमच्या घरात एक प्रश्न उपस्थित झाला आणि त्याचा निकाल लागेपर्यंत चार-पाच दिवस जेवणाच्या पंगतीस कोणी फारसे बोलत नव्हते. धाकट्या जाऊबाईंची कन्या बावीस वर्षांची आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती एका कचेरीत लागली असून आठव्या वर्षापासून कथक शिकत आहे. एके रात्री ताकभात होता होता तिने सांगून टाकले, की आपण नोकरी सोडणार आणि आपल्याच दिवाणखान्यात संध्याकाळी मुलींचा नृत्यवर्ग काढणार.

तिच्या वडिलांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "नाच शिकणे निराळे आणि नाचावर पोट भरणे निराळे." जाऊबाई काही बोलल्या नाहीत, त्यांचे न बोलणे हे नकारापेक्षा जड असते, हे घरातील सर्वांस ठाऊक आहे. मामंजी नव्वदीला आलेले. त्यांनी नुसतेच माझ्याकडे पाहिले. या घरात शिक्षणासंबंधी काही निघाले, की थोरली सून म्हणून माझे मत विचारण्याचा प्रघात आहे. मी जे मत दिले ते आता लिहिताना थोडा संकोच वाटतो. मी म्हणाले, "बाळ, तुझे स्वतःचेच शिकणे अद्याप पुरे व्हावयाचे आहे. अर्ध्या विद्येवर दुसऱ्यांच्या लेकी कशा घडविशील? आणखी दहा वर्षे शीक, मग शिकव."

मत शहाणपणाचे होते अशी माझी खात्री होती. पंगतीतील दोघातिघांनी मानाही डोलावल्या. मुलीने मात्र ताट सारले आणि शांतपणे विचारले, "मोठी काकू, रोहिणीताईंनी वर्ग काढला तेव्हा त्यांना कथक शिकून किती वर्षे झाली होती, ते पाहिले आहेस का?"

मी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी पाहिले. आणि आजचा हा लेख त्या पाहण्यातून निघाला आहे.

रोहिणी भाटे हे नाव पुण्यातील घरांना नवे नाही. ज्या कुटुंबांत मुलीने पेटीवर दोन पदे वाजविली तर कौतुक होई, पण पायात चाळ बांधले तर दारे लावून घेत, अशा कुटुंबांत कथक नेऊन पोहोचविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. जन्म १४ नोव्हेंबर १९२४ चा, पाटण्याचा. शाळा व कॉलेज मात्र पुण्यास. १९४६ साली फर्ग्युसन कॉलेजातून त्या कला शाखेच्या पदवीधर झाल्या. नृत्याचे पहिले धडे त्यांनी भरतनाट्याचे घेतले, तेही पार्वतीकुमारांसारख्या गुरूकडे. तंजावरच्या सरफोजीराजांची मराठी निरूपणे पुढे ज्यांनी भरतनाट्याच्या रंगमंचावर आणली, तेच हे पार्वतीकुमार. त्यानंतर १९४६ मध्ये जयपूर घराण्याच्या सोहनलालजींकडे रोहिणीताईंचे कथक सुरू झाले.

आणि १९४७ साली त्यांनी पुण्यात 'नृत्यभारती' ही संस्था काढली!

या दोन सालांमधील अंतर वाचकांनी बोटांवर मोजावे. बावीस-तेवीस वर्षांची एक पदवीधर तरुणी, कथकाचा हात धरून फार तर वर्ष-दीड वर्ष झालेले, आणि तिच्याकडे मुली शिकावयास येऊ लागतात. माझा दहा वर्षांचा दंडक लावला असता, तर पुण्याची ही संस्था निघालीच नसती. एवढे वाचून मी पुस्तक मिटले आणि मनात म्हटले, की पुतणीने आपल्याला बरोबर पकडले.

पण पुस्तक मिटण्याची घाई झाली होती. पुन्हा उघडल्यावर जे दिसले त्याने माझे मत पुन्हा निम्मे माझ्याकडे आले. रोहिणीताईंनी शिकविण्यास आरंभ केला, परंतु शिकणे थांबविले नाही. लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांकडे त्यांची तालीम बारा वर्षांहून अधिक चालली. पंडित मोहनराव कल्याणपूरकरांकडे पंधरा वर्षांहून अधिक. म्हणजे आपल्या वर्गात ज्या 'ताई' होत्या, त्या दुसऱ्या एका खोलीत कोणापुढे तरी हात जोडून उभ्या राहात होत्या. आपल्या विद्यार्थिनी मोठ्या होऊन रंगमंचावर येऊ लागल्या, तरी यांचे शिष्यपण सुटलेले नव्हते. सामान्यतः आपण समजतो, की माणूस आधी विद्यार्थी असतो व नंतर शिक्षक होतो. जिन्याच्या पायऱ्यांसारखी एक सोडल्यावर दुसरी येते. येथे दोन्ही पायऱ्यांवर दोन पाय ठेवून एक बाई वर्षानुवर्षे उभी आहे.

हे गुरुत्रय कसे होते, तेही पाहण्याजोगे आहे. जयपूरच्या अंगात पायांचे बळ, लयीचे अवघड हिशेब, परणा आणि चक्रे यांना मान. लखनौच्या अंगात नजाकत, डोळ्यांची भाषा, ठुमरीवरचा अभिनय यांना. लच्छू महाराज हे अच्छन महाराज व शंभू महाराज यांचे बंधू. मुंबईच्या चित्रसृष्टीतही त्यांचे नाव मोठे होते, आणि 'मुगल-ए-आझम' किंवा 'पाकीझा' पाहिलेल्या कोणाही वाचकाने त्यांचे काम नकळत पाहिलेले आहे. मोहनराव हे सुंदरप्रसादजींच्या जयपूर परंपरेतून आलेले आणि लखनौच्या मॅरिस कॉलेजात कित्येक वर्षे शिकविलेले. बुद्धीने चिकित्सक, शास्त्राचा आधार शोधणारे. सोहनलालजींनी भक्कम केलेल्या पायांवर पुढे लखनौची चाल आली, आणि त्या दोहोंवर मोहनरावांची चिकित्सा. घराण्याचे कुंपण ओलांडावे की नाही, यावर वाद घालणारे घालोत. पण ज्या शिष्येला स्वतः उद्या वर्गात 'हे असेच का?' या प्रश्नाला तोंड द्यावयाचे असते, तिला एका कुंपणात राहणे जड जात असले पाहिजे असे मला वाटते.

या 'असेच का' संबंधाने आमच्या घरातीलच एक हकीकत सांगते.

वाद चालू असतानाच एका रविवारी पुतणीने शेजारच्या तीन मुली दिवाणखान्यात बोलाविल्या. खुर्च्या भिंतीशी लावल्या आणि तिहाई शिकविण्यास बसली. मी आत भाजी निवडत होते. ऐकू सर्व येत होते. तिहाई म्हणजे बोलांचा एक तुकडा तीनदा म्हणावयाचा आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल नेमका समेवर आणावयाचा. पुतणीला अशा तिहाया शेकडो पाठ. तिने सपासप म्हणून दाखविली, पायांनी काढून दाखविली. आठ वर्षांची एक चिमुरडी म्हणाली, "ताई, तुझी सम येते, माझी दर वेळी पुढे जाते. का?" पुतणीने पुन्हा म्हणून दाखविली. मुलीने पुन्हा विचारले, "पण का?"

बराच वेळ आतून काही ऐकू आले नाही. मग पाटीवर खडू ओढल्याचा आवाज. तीनतालाच्या मात्रा सोळा. पाच मात्रांचा तुकडा घ्यावा, एक मात्रा थांबावे. पुन्हा तुकडा, पुन्हा एक मात्रा थांबावे, मग तिसऱ्यांदा तुकडा. पाच त्रिक पंधरा आणि दोन थांबे, मिळून सतरा. समेवरून निघालेली मुलगी सोळांचे आवर्तन पुरे करून सतराव्या मात्रेस, म्हणजे पुढल्या समेवर, येऊन उभी राहते. ती चिमुरडी मधल्या थांब्याला एकाऐवजी दोन मात्रा थांबत होती, एवढेच. "आणि खालीपासून निघावयाचे असेल तर?" दुसरीने विचारले. खाली म्हणजे नववी मात्रा. तेथून पुढची सम धरून नऊच मात्रा हाती उरतात. तेव्हा तीन मात्रांचा तुकडा, न थांबता तीनदा. तीन त्रिक नऊ. मुली टाळ्या पिटू लागल्या. माझ्या हातातील मेथी तशीच राहिली, कारण इतकी वर्षे कार्यक्रमांत मी समेवर मान हालवीत आले, पण ती मान कोणत्या गणिताने हालते हे मला त्या दिवशी कळले.

संध्याकाळी पुतणी माझ्यापाशी येऊन बसली व म्हणाली, "मोठी काकू, मला हे येत होते. पण का येते ते आजपर्यंत माहीत नव्हते. चौदा वर्षे मला नुसते येतच होते."

शिकविण्याने शिक्षकाची विद्या पक्की होते, हे आपण नेहमी म्हणतो व म्हणून सोडून देतो. कथकासारख्या विद्येत याचा अर्थ फार प्रत्यक्ष आहे. ही विद्या मुळात गुरूच्या तोंडून शिष्याच्या तोंडात आणि मग पायांत उतरलेली. बोल आधी हाताने ताल धरून म्हणावयाचे, त्याला पढंत म्हणतात. मग पायांतून काढावयाचे. वाचून येण्यासारखे त्यात थोडे. शिष्य जोवर केवळ शिष्य असतो, तोवर त्याला जे मिळते ते अखंड मिळते, आणि तो ते अखंडच ठेवून देतो, जसा आपण आजीचा दागिना न मोडता ठेवतो. दुसऱ्याला द्यावयाची वेळ आली, की तो उकलून पाहावा लागतो. कोणता दुवा कोठे जोडला आहे हे तेव्हा दिसते. आणि एकदा दुवे दिसू लागले, की ते निराळ्या रीतीने जोडता येतील काय, हा विचार सुचल्यावाचून राहात नाही. नवी नृत्यरचना जन्मते ती येथे. रोहिणीताईंच्या बाबतीत शिकविणे व नवे बसविणे या दोन गोष्टी मला निराळ्या दिसत नाहीत, त्या यामुळे.

रचनेसाठी त्यांच्यापाशी आणखीही एक पुंजी होती. हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण त्यांनी केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे घेतले होते. एक 'कुंकू' व 'संत तुकाराम' या प्रभातच्या चित्रांचे संगीतकार, दुसरे पुढे 'कट्यार काळजात घुसली' मधील खाँसाहेब. नर्तकीला गाणे येत नसेल, तर गवई देईल त्या चालीवर तिला चालावे लागते. येत असेल, तर पायांना जे म्हणावयाचे आहे त्याला योग्य अशी चाल ती स्वतः शोधू शकते. आपल्या अनेक रचनांचे संगीत रोहिणीताईंनी स्वतःच बांधले.

आणि विषय कोणते घेतले? कथकाचा नेहमीचा संसार म्हणजे राधा, कृष्ण, पनघट, होळी. तो त्यांनी टाकला नाही. परंतु त्याखेरीज कालिदासाचे 'ऋतुसंहार' घेतले, ऋग्वेदातील उषेचे सूक्त घेतले. ज्यांच्या घरी फडताळात ही पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत, अशा आपल्यासारख्यांनी यावर थोडे थांबावे. 'ऋतुसंहारा'चे सहा सर्ग. ग्रीष्मापासून आरंभ व वसंतात शेवट. आपण ते परीक्षेसाठी वाचले, अन्वय लावले, समास सोडविले. त्याला पाय असू शकतात हे आपल्यापैकी कितीजणांच्या मनात आले असेल? यातील अडचणही साधी नाही. संस्कृत वृत्तात लघुगुरूंची जागा ठरलेली. ती हालविली की वृत्त मोडते. कथकाचा ताल मात्रांनी चालतो आणि त्याची सम त्याच्या जागी येणारच. श्लोकाची चाल आणि तालाची चाल यांचे लग्न लावावयाचे, म्हणजे दोन मानी घराण्यांची सोयरीक. कोणीच कमीपणा घ्यावयास तयार नाही. ते लावावयाचे तर संस्कृत, संगीत व ताल ही तिन्ही एकाच डोक्यात नांदावी लागतात. माझी पुतणी वाणिज्याची पदवीधर. 'संस्कृताशिवाय काही अडत नाही' असे म्हणणारी. हा परिच्छेद तिला मुद्दाम वाचावयास देणार आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कथक हे परंपरेने एकटीचे नृत्य. रंगमंचावर एकच नर्तकी, मागे तबला, सारंगी व लेहरा. सहा ऋतू किंवा उषेचा उदय दाखवावयाचा झाला, तर अनेकींना घेऊन बसविण्याची वाट आपोआप खुली होते. पण अनेकी आणावयाच्या कोठून? एका हाताच्या, एका अंगाच्या, एकाच शिस्तीत वाढलेल्या दहा मुली बाजारात मिळत नाहीत. त्या आठव्या वर्षापासून आपल्याच वर्गात घडवाव्या लागतात. वर्ग नसेल तर अशी रचना कागदावर राहते.

रोहिणीताईंनी लेखनही केले. 'माझी नृत्यसाधना' हे आत्मकथन आहेच. एका संस्कृत ग्रंथाची संपादित आवृत्ती त्यांनी 'कथक दर्पण दीपिका' या नावाने काढली. आणि इसाडोरा डंकनच्या आत्मचरित्राचा 'मी इसाडोरा' हा मराठी अनुवाद केला. या शेवटच्या पुस्तकाचे मला राहून राहून नवल वाटते. इसाडोरा (१८७७–१९२७) ही अमेरिकन नर्तकी म्हणजे नियमांची वैरीण. अनवाणी नाचणारी, युरोपातील बॅलेचे सारे दंडक झुगारणारी. आणि तिचे चरित्र मराठीत कोणी आणावे, तर सोळा मात्रांतील एकही मात्रा न चुकविणाऱ्या बाईने! पण इसाडोरेनेही १९०४ साली बर्लिनजवळ लहान मुलींची शाळा काढली होती, हे आठवले म्हणजे दोघींमधील नाते थोडे उलगडते.

बाकीचे थोडक्यात. १९५२ मध्ये भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनचा प्रवास. खैरागडच्या व पुण्याच्या विद्यापीठांतील कथकाचे अभ्यासक्रम ठरविण्यात भाग. १९७९ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, तसेच कालिदास सन्मान. १० ऑक्टोबर २००८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. 'नृत्यभारती' काढल्यापासून तोवर साठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या कित्येकजणी स्वतः गुरू झाल्या होत्या.

हे सर्व मी एका संध्याकाळी मामंजींना वाचून दाखविले. त्यांना आता अक्षरे दिसत नाहीत. १९४७ सालापाशी आले तेव्हा त्यांनी हाताने थांबविले. म्हणाले, "त्या वर्षी मी बारा वर्षांचा होतो. आमची अक्का सतराची. तिला नाच शिकावयाचा होता."

या घरात येऊन मला तेहेतीस वर्षे झाली; आत्येसासूबाईंसंबंधी ही गोष्ट मी प्रथमच ऐकत होते. त्या मला आठवतात त्या पेटी वाजविणाऱ्या, गौरीची गाणी म्हणणाऱ्या. मामंजी सांगू लागले, की तिने वडिलांना विचारण्याचे धाडस केले नाही, आईला विचारले. आईने वडिलांना विचारले. दोन दिवसांनी घरात नवी पेटी आली. "गाणे चालत होते ना! पलुसकरबुवांच्या शिष्यांनी ते घराघरांत पोहोचविले होते. नाच चालत नव्हता. अक्काला पेटी मिळाली, चाळ मिळाले नाहीत. तिने पेटी मन लावून वाजविली, कधी तक्रार केली नाही. म्हणून आम्हां सर्वांस वाटले, की ती विसरली."

मग बराच वेळ ते बोलले नाहीत. मीही उठले नाही. तेवढ्यात दिवा लावण्यास जाऊबाई आल्या. त्यांनी किती ऐकले होते ते मला ठाऊक नाही, पण त्या रात्री पंगतीस त्या प्रथम बोलल्या. नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, "दिवाणखान्याचा गालिचा काढावा लागेल. त्यावर पाय वाजत नाहीत."

आता आमचा निकाल सांगते. तो सर्वांना सारखाच मान्य झाला असे नाही. भावोजींचा आग्रह असा, की वर्षभर वर्ग चालवून पाहावा व तोवर नोकरी सोडू नये. कचेरी अर्धवेळ काम देण्यास तयार नाही, म्हणून वर्ग शनिवार-रविवारीच भरेल. पुतणीला हे रुचलेले नाही, पण तिने मान्य केले. माझी अट एकच होती: आपल्या गुरुबाईंकडची गुरुवारची तालीम तिने एकदाही चुकवावयाची नाही, आपल्या वर्गात शंभर मुली झाल्या तरी. ही अट घालताना माझा दहा वर्षांचा दंडक मी परत घेतला, हेही तिला मोकळेपणाने सांगितले. ती हसली व म्हणाली, "दहा नव्हे काकू, पंधरा." कोणाची पंधरा वर्षे ती सांगत होती ते आम्हां दोघींना समजले.

संस्कृताचा प्रश्न मात्र मी सोडलेला नाही. रविवारी दुपारी अर्धा तास ती माझ्यापाशी 'ऋतुसंहार' घेऊन बसते. ग्रीष्माचे नऊ श्लोक झाले आहेत, कुरकूर चालू आहे.

पहिल्या शनिवारी सात मुली आल्या. मामंजींची आरामखुर्ची दिवाणखान्याच्या दारात ठेवली होती. त्यांनी ती आत घ्यावयास लावली. महिन्याची फी किती असावी, यावर अद्याप एकमत झालेले नाही.